‘पाय घसरून मृत्यू’ : दोष पायाचा की पायाखालच्या जमिनीचा?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीन-चार ओळींची एक बातमी वरचेवर छापून येते. सातव्या मजल्यावरून पाय घसरून मजुराचा मृत्यू. मलटाकीत पाय घसरून सफाई कामगार दगावला. कारखान्यात तेलावरून पाय घसरून कामगार जखमी. गाव बदलते, मजला बदलतो, मरणाऱ्याचे नाव बदलते. ‘पाय घसरून’ हे दोन शब्द मात्र बदलत नाहीत. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि प्रकरण तिथेच मिटते. या दोन शब्दांनी मालक सुटतो, ठेकेदार सुटतो, मुकादम सुटतो. मागे उरतो तो मेलेल्या माणसाचा पाय आणि त्या पायावर ठेवलेला ठपका.

आमचा प्रश्न साधा आहे. पाय घसरला हे खरे. पण जमिनीवर तेल कोणी सांडू दिले? परांचीला कठडा का नव्हता? जिन्यात दिवा का नव्हता? गमबूट का दिले नव्हते आणि दिले असतील तर ते पायाच्या मापाचे होते काय? हे प्रश्न विचारले की ‘पाय घसरला’ हे अपघाताचे कारण उरत नाही. ते फक्त शेवटचे टोक असते. कारण त्याच्या कितीतरी आधी, कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीत, चार पैसे वाचवताना घडलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. यात घरात पडणारी म्हातारी माणसेही आहेत आणि कामावर पडणारे मजूरही आहेत. श्रीमंत देशातला माणूस काही वेगळ्या पायाने चालत नाही. गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच आहे. फरक आहे तो पायाखालच्या व्यवस्थेत.

आपल्या देशात या व्यवस्थेला जात आहे, हे चळवळीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ओले काम, निसरडे काम, अंधारातले काम आणि उंचावरचे काम कोणाच्या वाट्याला आले ते पाहा. मुंबईच्या जुन्या चाळींमधल्या हाऊसगल्लीत शेवाळावर उभा राहून कचरा उपसणारा कोण? बाजारातल्या मासळीच्या पाण्यात झाडू घेऊन वाकलेली बाई कोण? इस्पितळाच्या लाद्या पुसणारी, कॉर्पोरेट कार्यालयाचे शौचालय धुणारी, उंच इमारतीतल्या साहेबाच्या घरी खिडकीच्या कडेवर उभी राहून बाहेरून काच पुसणारी बाई कोणत्या वस्तीतून येते? डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद शिडीवरून रात्री ट्रकवर चढणारे मराठवाड्यातले ऊसतोड जोडपे कोणत्या समाजाचे आहे? यांत दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, आदिवासी आहेत, मुसलमान आहेत, बिहार-बंगालमधून आलेले कष्टकरी आहेत. एका ओळीत सांगायचे तर ज्यांना पूर्वी गावकुसाबाहेरची जागा दिली, त्यांनाच आज कठड्याबाहेरची जागा दिली आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास हेच सांगतो. चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, ही त्याची सबब. सवर्ण कामगारही या प्रश्नावर मालकाच्याच बाजूला उभा होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, तो उगाच नव्हे. कामाची वाटणी जातीने झाली की धोक्याची वाटणीही जातीनेच होते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणूनच कामाच्या ठिकाणची सुरक्षितता हा विषय आंबेडकरी चळवळीला परका नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. थकलेला माणूस आधी पडतो; तेव्हा ती सुट्टी हादेखील सुरक्षेचाच लढा होता. पुढे जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. १९४३ च्या डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले. मंत्र्याने कागद मागवून अहवाल वाचण्याच्या त्या काळात बाबासाहेबांनी कामगार जिथे उभा राहतो ती जमीन पाहिली. त्यांच्याच कारकिर्दीत अडारकर समितीने १९४४ मध्ये कामगार आरोग्य विम्याचा आराखडा दिला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, केंद्राच्या मजूर खात्यात कारखान्यांचे मुख्य सल्लागार हे कार्यालय सुरू झाले. देशभरच्या कारखाना निरीक्षणाला आणि सुरक्षेला दिशा देणारे जे महासंचालनालय पुढे मुंबईत शीवला उभे राहिले, त्याचे मूळ इथे आहे. दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. कामगाराच्या पायाखालची जमीन सुरक्षित करणारा मजूरमंत्री म्हणून त्यांची आठवण किती मंडळे काढतात?

१९४८ चा कारखाना कायदा झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि बाबू जगजीवनराम मजूरमंत्री. या कायद्याचे ३२ वे कलम प्रत्येक कामगाराने पाठ करावे असे होते. जमीन, पायऱ्या, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा मजबूत हव्यात, नीट राखलेल्या हव्यात आणि गरज असेल तिथे धरायला कठडा हवा, असे ते सांगत होते. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ च्या दुरुस्तीने त्यात आणखी स्पष्टता आली. वाटेत अडथळा नको आणि पाय घसरेल असा पदार्थ जमिनीवर नको, हे शब्दच कायद्यात आले. ३३ व्या कलमाने खड्डे, हौद आणि जमिनीतली उघडी भोके झाकण्याची किंवा त्यांना कुंपण घालण्याची सक्ती केली. जिथे कामामुळे जमीन ओली होते तिथे पाणी वाहून जाण्याची सोय मालकाने करावी, हे ११ व्या कलमात होते. याचा अर्थ लक्षात घ्या. जमीन कोरडी ठेवण्याची जबाबदारी कायद्याने कारखानदारावर टाकली होती. ‘बघून चाल’ एवढे कामगाराला सांगून त्याची सुटका होत नव्हती.

परंतु आमच्याकडे सुरक्षा म्हटले की भिंतीवर लावायचा फलक, एवढाच अर्थ उरला आहे. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. कामगारांकडून शपथ घेतली जाते, बिल्ले वाटले जातात, ‘सावध राहा’ असे बजावले जाते. शपथ घ्यायला लावली जाते ती खालच्या माणसाला! तेल गळणारे यंत्र दुरुस्त करीन, अशी शपथ मालकाने घेतल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

खरे तर हे अपघात टाळण्याची विद्या फार अवघड नाही. ती समजून घेतली तर कामगाराला मालकाशी बोलताना आधार मिळतो, म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

पडण्याचे प्रकार तीन. पहिला घसरण्याचा. टाच जमिनीवर टेकते त्या क्षणी पाय आणि जमीन यांत पुरेसे घर्षण नसेल तर पाय पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर आदळतो. पाणी, साबण, तेल, शेवाळ, भाजीचा पाला, बारीक रेती ही त्याची कारणे. लादी पुसताना साबण जास्त झाला आणि नीट निघाला नाही तर वाळलेली लादीसुद्धा ओली होताच निसरडी होते. उपाय सरळ आहेत : गळती बंद करा, उताराची मोरी काढा, सांडले की लगेच पुसा, पुसताना निम्मी वाट कोरडी ठेवून उरलेली निम्मी पुसा, ओल्या जागी खरखरीत फरशी बसवा आणि तळ न झिजलेले, मापाचे बूट द्या. एकाच मापाचे गमबूट पोत्यात भरून आणायचे आणि बाईच्या लहान पावलालाही तेच द्यायचे, याला सुरक्षा म्हणत नाहीत. ढिला गमबूट हाच पाडतो.

दुसरा प्रकार ठेचकाळण्याचा. चालताना पुढे जाणारे पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असते. त्यामुळे मोठा दगड दिसतो आणि टळतो, पण उखडलेल्या लादीची कड, जमिनीवरची वायर, सळईचे टोक किंवा कमी-जास्त उंचीची पायरी माणसाला पाडते. डोक्यावर पाटी आणि हातात बादली असेल तर खाली दिसतच नाही. त्यातून दिवा नसेल तर विचारायलाच नको. इथे उपाय म्हणजे मोकळी वाट, सारख्या पायऱ्या, बांधून वर घेतलेल्या वायरी आणि पुरेसा उजेड. यातल्या कशालाही परदेशी यंत्र लागत नाही.

तिसरा आणि सर्वांत घातक प्रकार उंचावरून पडण्याचा. बांधकामावर लिफ्टसाठी सोडलेले भोक, कठडा नसलेला स्लॅब, सुतळीने बांधलेली परांची, फळी निसटलेला झूला, पावसात भिजलेला पत्रा ही मरणाची ठिकाणे. इथे उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाहायचे की हे काम जमिनीवरच करता येईल काय. ते शक्य नसेल तर कठडा आणि घट्ट बसवलेल्या फळ्या. तेही अपुरे पडत असेल तर खाली जाळी. आणि सर्वांत शेवटी अंगावरचा पट्टा. आमच्याकडे हा क्रम उलटा चालतो. मजुराला पट्टा देऊन ठेकेदार हात झटकतो. तोही नुसता कंबरेचा. खांदे आणि मांड्या धरून ठेवणारा पूर्ण अंगाचा नाही. आणि पट्ट्याचा हूक अडकवायचा कशाला? भक्कम दोर किंवा आधार बांधलेलाच नसतो. न अडकवलेला पट्टा फक्त तपासणीच्या दिवशीच्या फोटोत उपयोगी पडतो.

शिडीचेही शास्त्र आहे. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर हवा. ज्या मजल्यावर उतरायचे त्याच्या वर शिडी तीनेक फूट निघालेली हवी, वरचे टोक बांधलेले हवे, आणि चढताना दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत टेकलेले हवेत. आता डोक्यावर मोळी धरून चढणाऱ्या ऊसतोड बाईचे दोन्ही हात मोळीला असतात. तिने तोल सांभाळायचा कशाने? ती पडली तर तिला बेसावध म्हणणार काय?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ठाण्यात बाळकुम येथे बांधकाम चाललेल्या उंच इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार ठार झाले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. सात जण एकाच वेळी गेले म्हणून मोठी बातमी झाली. एकेकटे पडून मरणाऱ्यांची अशी चर्चा होत नाही. त्यांचे मढे गावी पाठवण्याचे भाडे देऊन ठेकेदार मोकळा होतो.

याहून भयंकर प्रकार मलटाकी आणि गटाराच्या बाबतीत घडतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा मलटाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आले तर किमान वीस लाख. आता पाहा, कागदावर ‘टाकीजवळ काम करताना पाय घसरून आत पडला’ एवढे लिहिले की काय होते? त्याला कोणी उतरवले, हा प्रश्नच संपतो. मग गुन्हा नाही, आरोपी नाही आणि तीस लाखही नाहीत. एका क्रियापदाने एका कुटुंबाचा हक्क बुडतो. म्हणून अशा प्रत्येक घटनेत पहिल्या दिवशी, पहिल्या कागदावर काय लिहिले जाते, याकडे कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

दुसरे एक हत्यार मालकवर्ग नेहमी वापरतो : ‘तो प्यायलेला होता’, ‘त्याने पट्टा लावलाच नव्हता’. हे ऐकले की घरची माणसे गप्प बसतात. त्यांना सांगा, १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे की, मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर कामगार प्यायला होता किंवा त्याने सूचना मोडली या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही. हे तत्त्व आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. ‘आमचा माणूसच नव्हता’ हे उत्तर चालत नाही.

कायद्यांची चौकट अलीकडे बदलली आहे, हेही ध्यानात घ्यावे लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना कायदा १९४८ आणि बांधकाम कामगार कायदा १९९६ यांची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. या संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची सक्ती आहे आणि गंभीर धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला आहे. एवढे स्वागतार्ह आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो ‘कारखाना’ होत होता, तिथे आता वीस लागतात. विजेशिवाय वीसऐवजी चाळीस. म्हणजे गल्लीबोळातले लहान वर्कशॉप, जिथे जमीन सर्वांत तेलकट आणि जिना सर्वांत अरुंद, तेच कारखान्याच्या व्याख्येबाहेर गेले. निरीक्षकाचे नावही आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाले आहे. सुविधा कोणाची, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. बाबासाहेबांच्या काळात उभ्या राहिलेल्या निरीक्षणव्यवस्थेचे दात असे एकेक करून पाडले जात असतील तर चळवळीने गप्प बसून चालणार नाही.

मग करायचे काय? मोर्चा, निवेदन हे आहेच. पण त्याआधी वस्तीत करण्यासारखे बरेच आहे. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास नाक्यावरच्या कामगारांसाठी ठेवा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून चालणाऱ्या कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला नोंदणी मिळते. हा उपकर राज्ये गोळा करतात पण मजुरांवर खर्च करत नाहीत, म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढले होते. तो पैसा आपल्याच लोकांचा आहे. त्यांची नोंदणी करून द्या. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज भरावेत, नियुक्तीपत्र कसे मागायचे ते सांगावे.

सफाई कामगारांच्या, परिचारकांच्या, हाऊसकीपिंगच्या बायकांच्या संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रातच बूट, कठडा, उजेड आणि मोरी या मागण्या घालाव्यात. कुठे कोण घसरले, पडता पडता वाचले, याची साधी वही ठेवावी. एकाच पायरीवर तीन माणसे घसरली हे लेखी असेल तर चौथ्याच्या वेळी ‘त्याचेच लक्ष नव्हते’ असे म्हणायची मुकादमाची छाती होणार नाही. अपघात झालाच तर जागेचा फोटो लगेच काढा, साक्षीदारांची नावे लिहा, इस्पितळाच्या कागदावर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहून घ्या. ४८ तासांहून अधिक काळ कामाला मुकावे लागेल अशा दुखापतीची खबर मालकाने अधिकाऱ्याला द्यायची असते, हे त्याला ऐकवा.

आणि हाच नियम आपल्या मंडपालाही लागू करा. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्या आधीच्या रात्री कमानीवर, विजेच्या खांबावर, बांबूवर चढणारी पोरे आपलीच असतात. मंडप बांधणारा मजूरही आपलाच असतो. त्याला पट्टा, शिडी धरायला दुसरा माणूस आणि पुरेसा उजेड देणे हे अभिवादनाचेच काम आहे.

मनुस्मृतीने आमच्या पूर्वजांना रस्त्यावरून चालण्याचा हक्क नाकारला. महाडला पाण्याच्या हक्कासाठी आमचे लोक चालत गेले आणि मार खाऊन परत आले, पण मागे हटले नाहीत. आज रस्ता मोकळा आहे. मात्र कामावरची वाट निसरडी ठेवलेली आहे. तिथे ताठ उभे राहता येणे हीदेखील माणुसकीचीच मागणी आहे. ती दया म्हणून मागायची नाही, हक्क म्हणून मागायची. उद्या पुन्हा ‘पाय घसरून मृत्यू’ अशी बातमी आली तर दुःख करून पान उलटू नका. त्या ठिकाणी जा, जमीन पाहा, आणि ती तशी कोणी ठेवली त्याचे नाव कागदावर येईपर्यंत हलू नका.